हिज्कीयाचा बोगदा आणि हिज्कीयाचे फर्मान

हिंगोली जिल्ह्यात कुणाचे पुढारपण जोखायचे असेल तर त्याने पाण्याचे काय केले, हा प्रश्न आपोआपच येतो. कयाधू पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू-गोटे उरतात. सेनगाव-कळमनुरीकडच्या माळावरच्या गावांना विहिरीचा तळ कसा दिसतो हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा मुलखात कुणी तळे खोदले, बंधारा घातला, तर पुढच्या पिढ्यांना त्याचे नाव आठवो न आठवो, गुरे त्याच पाण्यावर जातात. म्हणूनच बायबलमधल्या राजांपैकी मराठवाड्यातल्या वाचकाला सगळ्यांत लवकर कळेल असा राजा दावीद नव्हे, शलमोनही नव्हे, तो हिज्कीया. दाविदाची गोफण आणि शलमोनाचा न्याय ख्रिस्ती नसलेल्यांनीही ऐकलेला असतो. हिज्कीया मात्र संडे स्कूलच्या मुलांनाही फार तर एका गोष्टीपुरता माहीत असतो: तो मरणाच्या दारी पोचला, रडला, आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नेतृत्वावर शिबिरे होतात, प्रवचने होतात, त्यांतही मान मिळतो तो दाविदाला, मोशेला, नहेम्याला. माझे म्हणणे असे आहे की आजच्या मराठी मंडळीला, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या चार-दोन कुटुंबांच्या मंडळीला तर विशेषच, जे शिकण्याची निकड आहे ते हिज्कीयापाशी आहे. आणि ते त्याच्या यशात आहे तितकेच त्याच्या अपयशातही आहे.

हा राजा इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदा या छोट्या डोंगरी राज्यावर बसला. वय पंचवीस, राज्य एकोणतीस वर्षे. उत्तरेकडचे भावकीचे इस्राएल राज्य अश्शूरच्या साम्राज्याने तेव्हा गिळून टाकले होते आणि यहूदा मांडलिक म्हणून खंडणी भरत होते. बाप आहाज याने मंदिराचे दरवाजे बंद केले होते. मुलाने राज्याच्या पहिल्याच वर्षी पहिल्याच महिन्यात ते उघडून दुरुस्त केले. डोंगरमाथ्यांवरची पूजास्थाने त्याने पाडली. मोशेने घडवलेला म्हणून शतकानुशतके जपलेला पितळी सर्पही त्याने फोडून टाकला, कारण लोक त्यालाच धूप जाळू लागले होते. परंपरेतली पवित्र वस्तू लोकांना देवापासून दूर नेत असेल तर ती मोडण्याचे धैर्य त्याच्यात होते. वल्हांडणाच्या सणाला त्याने उत्तरेकडच्या उद्ध्वस्त मुलखातल्या लोकांनाही बोलावणे धाडले. पुष्कळांनी निरोप्यांची टर उडवली, पण काही आले. शुद्धीचे नियम न पाळता जेवायला बसलेल्यांसाठी राजाने स्वतः क्षमा मागितली. पुढे इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमेत कोंडले, असे सन्हेरीबने आपल्या इतिवृत्तात कोरून ठेवले आहे. मातीच्या ज्या षट्कोनी स्तंभावर ते कोरले आहे तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यरुशलेम घेतल्याचा दावा मात्र त्यात नाही. हिज्कीयाने जबर खंडणी भरली, मंदिराच्या दारांवरचे सोनेसुद्धा खरवडून दिले, हेही बायबल लपवत नाही. शहर मात्र वाचले.

ते वाचण्यामागे प्रार्थना होती, यशया संदेष्ट्याचा धीर होता, आणि पाणीही होते. यरुशलेमेचा मुख्य झरा गीहोन हा तटाच्या बाहेरच्या उतारावर. वेढा पडला की झरा शत्रूच्या हातात आणि शहर तहानलेले, अशी जागा. म्हणून डोंगराच्या पोटातून बोगदा खोदून ते पाणी तटाच्या आत, शिलोहाच्या तळ्यात आणले गेले. बोगदा सुमारे ५३३ मीटर लांब आणि नागमोडी आहे. एवढ्या लांबीत उतार जेमतेम फूटभर. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून खोदत येऊन मध्ये गाठ घातली, आणि जिथे गाठ पडली तिथे पहारींच्या खुणा समोरासमोर आलेल्या अजून दिसतात. १८८० मध्ये तळ्याच्या बाजूला बोगद्यात एक शिलालेख सापडला. तेव्हा तिथे तुर्की अंमल असल्यामुळे तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्या लेखात खोदणारे बोलतात. काही हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसांचा आवाज कसा ऐकू आला, पहार पहारीला कशी भिडली, पाणी बाराशे हात कसे वाहत गेले, हे सगळे त्यात आहे. राजाचे नाव मात्र त्यात कुठेही नाही. जो काळ आपापल्या विजयांचे स्तंभ उभारणाऱ्या सम्राटांचा होता, त्या काळातल्या एका मोठ्या राजकीय कामाचा लेख राजाचे नाव न घेता मजुरांच्या आनंदावर थांबतो. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

काही पुरातत्त्वज्ञांनी हा बोगदा हिज्कीयाच्या आधीचा, तर काहींनी नंतरचा मानला आहे, हे इथे सांगायला हवे. पण बोगद्याच्या गिलाव्यातल्या सेंद्रिय अंशांची आणि छतावर साठलेल्या चुन्याच्या थरांची कालमापन पद्धतींनी केलेली तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिचा कौल इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचा आहे. बायबलमध्ये राजे आणि इतिहास या दोन्ही पुस्तकांत हे पाणी हिज्कीयाने आणल्याची नोंद आहे. दोन्ही बाजू पाहता त्याचेच नाव धरणे वाजवी आहे. दुसरी शंका अधिक खोल आहे आणि ती बायबलमधूनच येते. यशयाच्या पुस्तकात याच धामधुमीवर कठोर शब्द आहेत: तुम्ही पाणी साठवले, तट बांधायला घरे पाडली, पण ज्याने हे सारे पूर्वीच योजले त्याच्याकडे पाहिले नाही. यावरून बोगदा हाच अविश्वास होता, असे काही प्रवचनकार सांगतात. मला तसे वाटत नाही. संदेष्टा खोदण्याला दोष देत नाही, न पाहण्याला देतो. आणि हाच यशया आजारी राजाला देवाचे आश्वासन सांगितल्यावर गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. देवाने बरे केले म्हणून लेप टाकून दिला नाही, आणि लेप लावला म्हणून आभार मानायचे राहिले नाहीत. प्रार्थना आणि पहार यांत भांडण लावण्याची गरज बायबलला पडलेली नाही. ती आपल्याकडच्या काही सभांना पडते.

इथपर्यंत हिज्कीया आदर्शच दिसतो. पण त्याच्यानंतर गादीवर आलेला मुलगा मनश्शे याने पंचावन्न वर्षे राज्य केले, आणि बापाने पाडलेली पूजास्थाने पुन्हा बांधली. मंदिराच्या आवारात परक्या देवांच्या वेद्या आल्या. त्याच्या नातवाच्या, योशीयाच्या, कारकिर्दीत मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा तो वाचून राजा हादरून गेला. ज्या ग्रंथावर अख्ख्या राष्ट्राचे जीवन उभे राहायचे तो अडगळीत गेला होता, आणि गेल्याचे कुणाला ठाऊकही नव्हते. हिज्कीयाची सुधारणा एका पिढीत पुसली गेली ती अशी. मनश्शे राजा झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. म्हणजे हिज्कीयाला आजारानंतर जी पंधरा वर्षे वाढवून मिळाली, त्या वर्षांतच हा मुलगा जन्मला आणि वाढला. वाढीव आयुष्य त्याने कशात घालवले याचा हिशेब बायबल फारसा देत नाही. त्यातला एकच प्रसंग ते नीट सांगते, आणि तो दुखरा आहे.

हिज्कीया आजारातून उठल्यावर बाबेलच्या राजाने त्याच्याकडे भेटवस्तू देऊन दूत पाठवले. हिज्कीया हरखला. सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, तेले, शस्त्रागार, भांडार, सगळे त्याने त्यांना दाखवले. दाखवायचे राहिले असे काहीच नव्हते. यशयाने येऊन सांगितले की हे सगळे एके दिवशी बाबेलला जाईल आणि तुझ्या वंशातले पुरुष तिथल्या राजवाड्यात चाकर होतील. यावर हिज्कीया म्हणाला की परमेश्वराचे वचन उत्तम आहे; आणि मनाशी म्हणाला की निदान आपल्या हयातीत तरी शांती नांदेल. या उत्तराचा बचाव करता येतो आणि मोठमोठ्या टीकाकारांनी तो केला आहे: हे देवाच्या निवाड्यापुढे मान तुकवणे होय, त्यात स्वार्थ कशाला पाहायचा? पण या माणसाला याआधी दोनदा वाईट बातमी मिळाली होती. शत्रू चालून आला तेव्हा त्याने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले, आणि सन्हेरीबचे धमकीचे पत्र मंदिरात देवापुढे उलगडून ठेवले. तू मरणार असे कळले तेव्हा भिंतीकडे तोंड करून तो ढसढसा रडला, आणि देवाने निर्णय बदलला. देवाचे वचन विनवणीने फिरू शकते हे या राजाला स्वानुभवाने ठाऊक होते. नातवंडा-पतवंडांची बातमी आली तेव्हा मात्र वस्त्र फाटले नाही, अश्रू आले नाहीत, प्रार्थनाही नाही. याला शरणागती म्हणणे मला तरी जमत नाही. स्वतःच्या काळापलीकडचे दुःख त्याला आपले वाटले नाही, एवढाच याचा अर्थ निघतो.

मुलाच्या पापाचा भार बापावर टाकू नये, हे यहेज्केल संदेष्ट्याने ठासून सांगितले आहे आणि ते मानायलाच हवे. मनश्शेने जे केले त्याचा जाब मनश्शेलाच द्यावा लागला. इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे बंदिवासात त्याला पश्चात्तापही झाला. प्रश्न दोषाचा नाही, कामाच्या बांधणीचा आहे. हिज्कीयाने हाती घेतलेल्या कामांपैकी काय टिकले आणि काय नाही, याची यादी केली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. बोगदा टिकला. सुमारे सातशे वर्षांनी येशूने एका जन्मांधाला डोळे धुवायला पाठवले ते याच शिलोहाच्या तळ्यावर, आणि पाणी आजही वाहते. दुसरे टिकले ते एक लेखनिकांचे काम. नीतिसूत्रांच्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी नोंद आहे की शलमोनाची ही वचने हिज्कीयाच्या माणसांनी उतरवून घेतली. तीही माणसे निनावी. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, त्या आगीतूनही ती वचने पुढच्या पिढ्यांच्या हाती आली. आणि टिकले नाही ते काय? राजाच्या हुकमाने जे झाले ते. पूजास्थाने पाडण्याचा हुकूम राजाचा होता, म्हणून ती बांधण्याचा हुकूम द्यायलाही पुढचा राजा पुरला. जे काम अनेकांच्या हातांनी, त्यांना समजून, त्यांच्या कौशल्यात उतरवून झाले ते राजाच्या पश्चात चालू राहिले. जे राजाच्या इच्छेवर टांगले होते ते त्याच्याबरोबर गेले. ख्रिस्ती नेतृत्वाविषयी हिज्कीयापासून शिकायचे ते हे, असे मला वाटते.

बायबलबाहेर, आपल्याच मराठवाड्यात याला जोड सापडते. खडकी शहर, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहर खेळवून शहराला पाणी दिले. तो १६२६ मध्ये वारला, निजामशाही बुडाली, मुघल आले, निजाम आले. राज्ये बदलत गेली तरी नहरीचे पाणी शतकानुशतके लोकांच्या घरांपर्यंत येत राहिले. मलिक अंबर ना यहुदी होता ना ख्रिस्ती. पण चांगल्या कारभाराचा कस कोणत्याही धर्मात सारखाच लागतो.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात हा कस लावून पाहायला पंडिता रमाबाईंइतके भरघोस उदाहरण दुसरे नाही. रमाबाई अमेरिकेत असताना १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदासदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. दहा वर्षांची हमी हातात असताना अकराव्या वर्षाचा विचार करणारी माणसे थोडी असतात. रमाबाईंनी तो केला. पुण्याच्या पुढे केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. परदेशी मदत थांबली तरी बागेच्या उत्पन्नावर मुलींचे घर चालावे हा हेतू. म्हणजे गीहोनचे पाणी वेढ्याआधी तटात आणण्यासारखेच हे होते. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली आणल्या आणि त्यांना ठेवायला जागा होती ती हीच केडगावची. मुक्तिसदन तिथे उभे राहिले. शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुलींना शिकवली गेली, कारण आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहत बसणाऱ्या बायका त्यांना घडवायच्या नव्हत्या. त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि त्याची जुळणी-छपाई केडगावच्या छापखान्यात बायकांनीच केली. मुलगी मनोरमा हाताशी होती. कारभार तिच्याकडे जाणार असे सगळ्यांना वाटत होते. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. पुढच्या एप्रिलमध्ये, १९२२ साली, रमाबाईही गेल्या. संस्थापिका आणि वारस दोघी वर्षभराच्या आत गेल्या तर बहुतेक संस्था कोलमडतात. मुक्तिसदन कोलमडले नाही. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले, आणि केडगावचे काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे. रमाबाईंच्या भाषांतराला मंडळ्यांत फारसा प्रसार मिळाला नाही, त्याची शब्दशः वळणे वाचकाला जड जातात, हेही खरे. तरी छापखान्यात टंक जुळवणाऱ्या त्या बायका आणि हिज्कीयाचे ते लेखनिक मला एकाच परंपरेतले वाटतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दिसतात. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे सारे भक्त एका छत्राखाली यावेत, मराठी मातीतली मंडळी उभी राहावी, असे ते स्वप्न होते, आणि ते आजही पुढचे वाटते. ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिळकांना मिळालेली दोन वर्षे अपुरीच होती, म्हणून याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल; पण ते काम पुरते त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती बांधलेले होते, हे नाकारता येत नाही. त्यांची भजने मात्र टिकली. मराठी चर्चमध्ये आजही ती टाळ-पेटीवर गायली जातात, ज्यांना दरबाराचे नावही ठाऊक नाही अशा ओठांवर आहेत. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अर्धे राहिले होते. ते पूर्ण केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचे तोंडही धड पाहिले नव्हते. नवऱ्याने घरात त्यांना वाचायला-लिहायला लावले होते, प्रसंगी चिडचिड करत का होईना. नेत्याने आपल्या शेजारच्या माणसाच्या हातात लेखणी दिली म्हणून अपुरे काम पुरे झाले.

हिंगोलीपासून पन्नासेक किलोमीटरवर वाशिम आहे. तिथे १९३८ मध्ये नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. मिशन हॉस्पिटलांच्या अशा कामात रोग्यांच्या संख्येइतकेच महत्त्व मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्याला होते, कारण डॉक्टर बाई मायदेशी परततात आणि शिकलेली परिचारिका गावात राहते. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनीही रुग्णालयाबरोबर हिंदी तरुणांना वैद्यक शिकवण्याची सोय केली, ती याच समजुतीने. मिशनरी गेल्यावर महाराष्ट्रातल्या अनेक मिशन कंपाउंडांत जे हाल झाले, वाडे पडले, जमिनी कोर्टकज्ज्यांत अडकल्या, त्यांची कारणे पुष्कळ आहेत. पैसा आटला हे एक कारण नेहमी सांगितले जाते. मला त्याहून मोठे कारण हे दिसते की इमारत सोपवली गेली, पण ती चालवण्याची विद्या, हिशेबाची शिस्त आणि निर्णयाची सवय वेळेत सोपवली गेली नाही. जिथे ती सोपवली गेली तिथली कामे पैशाच्या ओढाताणीतही तग धरून राहिली. यात परक्यांनाच दोष देऊन चालणार नाही. स्वदेशी पाळकांनी आणि कमिट्यांनीही पुढे तेच केले.

इथे एक मूलभूत आक्षेप येतो. लोकशाहीत राहणाऱ्या माणसांनी, आणि जिथे सगळे भाऊबहीण असतात अशा मंडळीने, राजाकडून का शिकावे? शमुवेलाने तर लोकांना राजा मागू नका म्हणून बजावले होते: तो तुमची मुले सैन्यात नेईल, शेते-मळे घेईल, तुम्हाला गुलाम करील. येशूने शिष्यांना सांगितले की राष्ट्रांचे अधिपती सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. हा आक्षेप खरा आहे, आणि जे पाळक दाविदाची गोष्ट सांगून अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका असा दम भरतात त्यांना तो ऐकवायलाच हवा. पण राजांच्या पुस्तकांची रीत पाहा. राजांची नोंद तिथे त्यांच्या बऱ्यावाईटासकट आहे, आणि उत्तम म्हणून गौरवलेल्या राजाचे वाईटही तिथे झाकलेले नाही. संदेष्टा राजवाड्यात शिरतो, दूत कुठून आले, काय पाहिले, असे राजाला विचारतो, आणि राजाला उत्तर द्यावे लागते. म्हणजे ही पुस्तके राजांची स्तुती नाहीत, त्यांची तपासणी आहे. मंडळीत कुणाचे नेतृत्व मान्य करायचे आणि कुणाचे नाही, हे ठरवायला असा तपासनीस उपयोगी पडतो. बाबेलच्या दूतांचा प्रसंग तर आज जसाच्या तसा घडतो. पाहुणे येतात, त्यांना इमारती दाखवल्या जातात, बाप्तिस्म्यांचे आकडे, नव्या गाड्या, छायाचित्रे दाखवली जातात. यशयाचा प्रश्न विचारणारा कुणी त्या वेळी खोलीत असतो का, हे प्रत्येक मंडळीने पाहावे.

दुसरा आक्षेप साधा आणि अधिक ओळखीचा आहे. हिंगोली जिल्ह्यातली ख्रिस्ती वस्ती अगदी थोडी. पाळक एकच, तोही कधी दोन-तीन ठिकाणची उपासना सांभाळणारा, पगार तुटपुंजा, तरुण नोकरीसाठी पुण्या-संभाजीनगरला गेलेले. इथे कसला बोगदा आणि कसले लेखनिक? एका माणसाने सगळे ओढले नाही तर रविवारची उपासनाच बंद पडेल. ही अडचण खोटी नाही. पण थोड्या माणसांच्या मंडळीलाच एकट्याच्या नेतृत्वाचा धोका जास्त असतो. शंभर कुटुंबांच्या चर्चमध्ये एक पाळक बदलून गेला तर दुसरा येईपर्यंत निभावते; चार कुटुंबांच्या मंडळीत तो गेला की पेटीची किल्ली कुठे आहे हेही कुणाला माहीत नसते. म्हणून त्याच मंडळीने आधी खोदायला घ्यावे. उपासना चालवायला पाळकाखेरीज दोन माणसे तयार असावीत, त्यांत एक बाई असावी. बाप्तिस्म्यांची, लग्नांची, अंत्यविधींची नोंदवही कुणाच्या घरच्या पेटीत न राहता मंडळीच्या कपाटात असावी. जागेचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा कुणाच्या नावावर आहे हे कमिटीतल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्यामुळे मेलेल्या माणसांची नावे कागदावर राहतात आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. यात काही आध्यात्मिक नाही असे कुणाला वाटेल. गीहोनच्या खडकात पहार मारणाऱ्यालाही तसे वाटले असेल, पण वेढ्यात प्रार्थना करणारे शहर तेच पाणी पीत होते.

आणि मुले. मनश्शे बारा वर्षांचा होता तोपर्यंत त्याला कुणी काय शिकवले, बापाने मंदिराचे दरवाजे का उघडले होते हे त्याला कुणी सांगितले की नाही, याबद्दल बायबलमध्ये एक अक्षर नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या उपासनेत आज जी बारा-तेरा वर्षांची दोन-चार मुले मागच्या सतरंजीवर बसतात, त्यांच्यापैकी काही वीस वर्षांनी खजिनदार असतील, काही पुण्यात दुसऱ्या मंडळीत असतील. वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांना बाहेर खेळायला पाठवतात. त्यांना आत बसू द्यावे. दानपेटी त्यांच्यासमोर मोजावी, विजेचे बिल किती आले, पाळकांचा पगार कसा भागला, छपराची गळती का राहिली, हे त्यांच्या कानावर पडू द्यावे. आणि चुकलेली बेरीज त्यांच्यापैकी कुणी दाखवून दिली, तर ती त्याच सभेत दुरुस्त करून इतिवृत्तात त्याच्या नावानिशी लिहावी.